पेजेपासून खारीपर्यंत : मोठ्या माणसांच्या आहाराची ऊर्जाघनता (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बचत गटांच्या बैठकांत, लग्नाच्या पंगतीत आणि फोनवर जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं मोठ्या माणसांपुरती आहेत, मुलांचं गणित वेगळं असतं. पदार्थांचे आकडे मुख्यतः अन्नघटकांच्या छापील कोष्टकांवरून घेतले आहेत. ताटांची वजनं मात्र माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावरची आहेत, तेव्हा ती ‘सुमारे’ समजावीत.

१. ऊर्जाघनता म्हणजे नेमकं काय? नुसतं कॅलरी म्हटलं तर चालत नाही का?

कॅलरी म्हणजे पदार्थात एकूण ऊर्जा किती. ऊर्जाघनता म्हणजे त्याच पदार्थाच्या ठरावीक वजनात, समजा १०० ग्रॅममध्ये, ती किती दाटीने भरली आहे. तेलातुपाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, पिष्ट आणि प्रथिनांच्या ग्रॅममध्ये ४, दारूच्या ७. पाण्याच्या शून्य. म्हणून घनता मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : पदार्थात पाणी किती आणि तेल किती. शंभर ग्रॅम तांदळात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात. भात केला की तेच तांदूळ पाणी पिऊन पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम होतात आणि भाताच्या शंभर ग्रॅममध्ये १२५-१३० उरतात. पेज केली तर पन्नासच्याही खाली. तांदूळ तेवढेच, कॅलरी तेवढ्याच, फक्त टोप मोठा लागतो.

२. किती म्हणजे कमी आणि किती म्हणजे जास्त?

ढोबळ मापं अशी वापरतात : १०० ग्रॅमला ६०च्या खाली अगदी कमी, ६० ते १५० कमी, १५० ते ४०० मध्यम, त्यावर जास्त. ही झाली एकेका पदार्थाची मापं. पूर्ण आहाराची सरासरी १२५च्या जवळ आणावी, पेयं सोडून, अशी शिफारस जागतिक कर्करोग संशोधन निधीच्या २००७च्या अहवालात होती. एखादा पदार्थ ५००चा आहे म्हणून तो वाईट ठरत नाही. तो किती खाल्ला जातो आणि त्याच्या शेजारी ताटात काय आहे, हे बघायचं.

३. आमच्या ताटात खरंच फरक पडलाय, की हे नुसतं ‘आमच्या वेळी असं नव्हतं’?

पडलाय. मी दोन ताटं वजन करून पाहिली. पहिलं माझ्या सासूबाईंनी, त्यांच्या लग्नानंतरच्या दिवसांत दुपारी जसं वाढलं जायचं तसं वाढून दिलं : ३५० ग्रॅम भात, अडीचशे ग्रॅम पातळ कुळथाची पिठी, दीडशे ग्रॅम माशाचं सार आणि ८० ग्रॅम टाकळ्याची भाजी. वजन ८३० ग्रॅम, कॅलरी सुमारे ७७०. म्हणजे शंभर ग्रॅमला ९३.

दुसरं आजच्या रविवारचं : २०० ग्रॅम भात, तेल लावलेल्या तीन चपात्या, रवा लावून तळलेला बांगडा, बटाट्याची सुकी भाजी, थोडी डाळ, एक तळलेला पापड. वजन ६३० ग्रॅम, कॅलरी साधारण ११४०. शंभर ग्रॅमला १८०. काट्यावर ताट दोनशे ग्रॅमने हलकं झालं आणि कॅलरी पावणेचारशेने वाढल्या. सासूबाई काट्याकडे बघून म्हणाल्या, “म्हणजे आम्ही पाणीच जेवलो म्हणायचं.” एका अर्थी बरोबरच आहे ते.

४. हे कधी झालं आणि कशामुळे?

एका वर्षावर बोट ठेवता येत नाही. तीन-चार गोष्टी मागेपुढे आल्या. पहिली तेल. १९९४ साली पामोलीनची आयात खुली झाली. पूर्वी बाटली घेऊन दुकानात जायचं आणि पावशेर तेल मोजून आणायचं, आता लिटरची पिशवी कात्रीने कापून सरळ कढईत ओततात. हात सैल सुटतो. मोजून आणलेलं तेल माणूस मोजूनच वापरतो.

दुसरी चूल. पेज म्हणजे निखाऱ्यावर ठेवून विसरायची वस्तू. घरातली बाई गोठ्यात, विहिरीवर, परड्यात असायची आणि ती आपली शिजत राहायची. गॅसवर पाऊण तास पेज शिजवणं कोणाला परवडतं? तिसरी म्हणजे मिक्सर. त्याबद्दल प्रश्न ९मध्ये.

चौथी गोष्ट मी सगळ्यात मोठी मानते आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही : दोन जेवणांच्या मधल्या वेळा. पूर्वी त्या वेळांत ऋतूप्रमाणे करवंद, जांभूळ, उकडलेल्या आठळ्या, भाजलेला करांदा असे. सगळं पाणीदार किंवा निदान उकडलेलं. आता तिथे फरसाणाची पुडी आहे. शेव-फरसाण १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या घरात जातं.

५. सकाळची पेज गेली आणि चहा-खारी आली, त्याने एवढा काय फरक पडतो?

माझ्या मते कोकणात एक मोठा फरक इथेही पडला. एक वाटी, म्हणजे १०० ग्रॅम उकड्या तांदळाची पेज मी केली, ती ७५० ग्रॅम भरली. शंभर ग्रॅमला ४७. मोठी वाडगाभर, ४५० ग्रॅम पेज घेतली तर २१० कॅलरी पोटात जातात. सोबत भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा, नाहीतर लोणच्याची फोड. पोट तुडुंब. ‘पेज जेवलो’ म्हणतात ते उगाच नाही.

खारीत लोणी नाहीतर वनस्पती तूप थरांत लाटलेलं असतं आणि भट्टीत पाणी उडून जातं. पाचशेच्या आसपास घनता. भोंगा वाजवत पाववाला येतो, त्याच्याकडच्या चार खाऱ्या चहात बुडवून खाल्ल्या की दोनशे कॅलरी झाल्या, वजन चाळीस ग्रॅम. पोटाला काही कळलंसुद्धा नाही, म्हणून दहा वाजता पुन्हा चहा आणि पुन्हा काहीतरी. ग्लुकोजची बिस्किटं (साधारण ४५०), टोस्ट, बटर, नानकटाई ही सगळी त्याच घराण्यातली.

६. मग भात खाऊन वर तांब्याभर पाणी प्यायलं तर पेजच झाली ना?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. एका रिक्षावाल्या काकांनी विचारला होता. गणित त्यांचं बरोबर आहे, पोटाचं मात्र वेगळं चालतं. १९९९ साली अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. चोवीस बायकांना जेवणाआधी वेगवेगळ्या दिवशी तीन प्रकारे खायला दिलं : कोंबडी-भाताचा घट्ट पदार्थ, तोच पदार्थ आणि सोबत पेलाभर पाणी, आणि तेच पाणी आत घालून केलेलं कोंबडी-भाताचं सूप. कॅलरी तिन्हींत सारख्या. सूप घेतलं त्या दिवशी पुढच्या जेवणात सुमारे १०० कॅलरी कमी खाल्ल्या गेल्या. पाणी बाजूला पेल्यात दिलं तेव्हा काही फरक पडला नाही.

म्हणजे पाणी अन्नात शिजलेलं हवं. त्या बायकांना जे दिलं ते आपल्याकडची कोंबडी घातलेली पेजच की.

७. म्हणजे जुनं जेवण चांगलं आणि आजचं वाईट, असंच ना?

नाही. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त भीती याच निष्कर्षाची वाटते. जुन्या ताटाची घनता कमी होती कारण तांदूळ पुरवायचे होते. पेज पातळ केली की एका शेरात आठ माणसं बसत. आषाढ-श्रावणात घरातले दाणे संपत आणि मुंबईहून गिरणीतल्या माणसाची मनीऑर्डर येईपर्यंत कणग्या-सुरणावर दिवस निघत. बाळंतिणीला, नांगर धरणाऱ्याला पोटात कितीही कोंबलं तरी पुरेशी ऊर्जा मिळत नसे. कमी घनतेला आज जे गुण चिकटवले जातात, ते तेव्हा उपासमारीचं कारण होते.

बदललं ते काम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीत जड काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला ३४७० कॅलरी लागतात, बैठं काम करणाऱ्याला २११०. बायकांसाठी हेच आकडे २७२० आणि १६६०. आता प्रश्न ३मधली ताटं इथे लावून बघा. ९३च्या घनतेने ३४७० कॅलरी मिळवायच्या तर दिवसाला पावणेचार किलो अन्न खावं लागेल. कोण खाणार? उलट १८०च्या घनतेने बैठ्या माणसाची गरज सव्वा किलोच्या आतच भागते, आणि सवय तर दीड-दोन किलोची आहे. पूर्वी काम जड आणि अन्न हलकं होतं. आता पॉवर टिलर आला, दारात रिक्षा आली आणि अन्न जड झालं. दोन्ही वेळा मेळ चुकलाच.

८. वाचलं होतं की भारतात माणशी कॅलरी कमी झाल्यात. मग वजनं वाढतात कशी?

वाचलेलं खरं आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातली माणशी रोजची ऊर्जा १९८३ साली २२२१ कॅलरी होती, २००४-०५मध्ये २०४७. त्याच काळात स्निग्ध पदार्थ २७ ग्रॅमवरून साडेपस्तीस ग्रॅमवर गेले. म्हणजे एकूण ऊर्जेत तेलातुपाचा वाटा ११ टक्क्यांवरून साडेपंधरावर. धान्य घटलं, तेल वाढलं. घनता वर सरकायला हे एक कारण पुरेसं आहे.

ऊर्जेची गरजही घटली, ते प्रश्न ७मध्ये आलंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वजन जास्त असलेल्या (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, २५ किंवा वर) बायकांचं देशातलं प्रमाण २०१५-१६ला २०.६ टक्के होतं, २०१९-२१ला २४ झालं. पुरुषांचं १८.९वरून २२.९. याला एकटी ऊर्जाघनता जबाबदार नाही, पण ती आरोपींच्या रांगेत नक्की आहे.

बाहेरही असंच दिसतं. प्रेंटिस आणि जेब या ब्रिटिश संशोधकांनी २००३मध्ये तुलना मांडली होती : पारंपरिक आफ्रिकी आहार १०० ग्रॅमला साधारण १०७ कॅलरी, सरासरी ब्रिटिश आहार १६०, फास्ट फूडच्या दुकानातली पूर्ण यादी २६०च्या वर. सासूबाईंचं ताट आफ्रिकेतल्या गॅम्बिया देशातल्या शेतकऱ्याच्या पंगतीला बसेल आणि आमचं रविवारचं लंडनला मागे टाकून पुढे गेलंय.

९. नारळाचं काय? आम्ही तर पिढ्यानपिढ्या खातोय.

ओलं खोबरं १०० ग्रॅमला साडेतीनशे ते चारशे, सुकं सहाशेच्या वर. घनता भरपूर आहे, यात शंका नको. पण पिढ्यानपिढ्या आपण तो खात कमी आणि विकत जास्त होतो. पाट्यावर वरवंट्याने खोबरं वाटायचं म्हणजे मनगट भरून यायचं. त्यामुळे चार माणसांच्या कालवणात अर्ध्या कवडीच्या, म्हणजे पाव नारळाच्या, पुढे कुणी जात नसे. मिक्सरने ती मेहनत काढून टाकली. आज हॉटेलच्या धर्तीवर घरातही वाटप इतकं दाट असतं की कालवणात बोट उभं राहावं.

खोबऱ्याला शिव्या घालायची गरज नाही. वाटप अर्धं करा, पाणी दुप्पट घाला. आजीच्या हातची चव तीच होती, ती आठवणीत गोड झालीय ते सोडा.

१०. मासे खाल्ले तर चालतात ना?

मासे चालतात. प्रश्न कढईचा आहे. ताज्या माशात सत्तर-ऐंशी टक्के पाणी असतं, ताज्या बोंबलात तर त्याहूनही जास्त. तव्यावर पाणी जातं, रवा-पिठाचा थर तेल पितो, आणि तोच बोंबील कुरकुरीत होता होता कितीतरी पट दाट होतो. सारातला, तिखल्यातला मासा घनतेने कमीच राहतो.

सुकी मासळी म्हणजे पाणी उन्हाने काढलेली ताजी मासळी. सुक्या बोंबलाची घनता तीनशेच्या आसपास जाते, पण ती प्रथिनांची आहे आणि ती कुणी वाटीभर खात नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या काळात कुळथाच्या पिठीबरोबर भाजलेला एखादा तुकडा हवाच. काळजी करायची तर त्यातल्या मिठाची करा. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी विशेष.

११. चहा, सोलकढी, शहाळं हे धरायचं का?

ताटाची घनता काढताना पेयं बहुतेक अभ्यासक बाजूला ठेवतात. कारण ती धरली तर गणित फसवतं : कितीही तेलकट खा, वर चार कप चहा घेतला की सरासरी खाली. दिवसाच्या एकूण कॅलरी मोजताना मात्र ती धरायचीच. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून पाच वेळा म्हणजे नुसत्या साखरेच्याच दोनशे कॅलरी.

शहाळ्याचं पाणी विसाच्या आसपास, बिनधास्त प्या. सोलकढी पातळ असेल तर ठीक. पहिल्या दाट रसाची केलेली सोलकढी हे पेय नाही, पातळ केलेलं खोबरंच ते.

१२. हापूस?

पिकलेला आंबा १०० ग्रॅमला साठच्या आसपास. कमी घनतेचा पदार्थ! लोकांचा विश्वास बसत नाही. पण तोच रस उन्हात वाळवून आंबापोळी केली की पाणी गेलं, आणि साखर घालून आटवला की मावा झाला. दोन्हींची घनता ताज्या आंब्याच्या चार-पाच पट होते. फणस आणि फणसपोळीचंही तसंच.

१३. उपवासाच्या दिवशी तरी हलकं होतं की नाही?

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे आपल्याच पूर्वजांनी म्हणून ठेवलंय. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट आणि तूप, वर बटाट्याचा तळलेला कीस, संध्याकाळी वेफर्स. रोजच्या भात-आमटीपेक्षा कितीतरी दाट. उपवासालाच घनता कमी हवी असेल तर वरीचे तांदूळ पातळ शिजवा, दाण्याची आमटी पातळ ठेवा, रताळं उकडून खा.

१४. कुरमुऱ्यांची घनता तर भाताच्या तिप्पट दिसते. मग ते हलके कसे?

इथे वजनाचं माप फसतं. कुरमुऱ्यांत पाणी जवळजवळ नाही, म्हणून १०० ग्रॅमला आकडा मोठा येतो. पण आत हवा भरलेली असते. मूठभर कुरमुरे म्हणजे पाच-सात ग्रॅम. पोट आणि डोळे वजनाबरोबर आकारही मोजतात. भेळीत शेव किती पडली यावर खरा निकाल. काजूचं उलट आहे : साडेपाचशेच्या वर घनता आणि आकार इवलासा. गप्पा मारत वेंगुर्ल्याचे काजू खाणाऱ्याला शंभर ग्रॅम कधी संपले ते कळत नाही. चवीला मूठभर घ्या आणि बरणी आत ठेवा.

१५. घरच्या घरी घनता कशी काढायची? पाकिटावरून कळते का?

पाकिटावर सोपं आहे. पोषणाच्या तक्त्यात ‘प्रति १०० ग्रॅम’ हा रकाना असतो, त्यातला ऊर्जेचा आकडा म्हणजेच घनता. शेजारचा ‘प्रति सर्व्हिंग’ रकाना बघून खूश होऊ नका. कंपनीच्या लेखी सर्व्हिंग म्हणजे कधीकधी दोन बिस्किटं.

घरच्या पदार्थासाठी कच्चा माल मोजा, त्यांच्या कॅलरी मांडा, शिजल्यावर पूर्ण टोपाचं वजन करा (रिकाम्या टोपाचं आधी लिहून ठेवा, मी तीनदा विसरले) आणि भागा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ची अन्नघटक कोष्टकं यासाठी उपयोगी पडतात. रोज करायची गरज नाही. घरातले दहा नेहमीचे पदार्थ एकदा मोजले की नजर बसते.

१६. मला मधुमेह आहे. पेज कमी घनतेची आहे म्हणजे पोटभर घेऊ?

नको. कमी घनता आणि रक्तातली साखर हळू वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मऊ शिजलेला तांदूळ लवकर पचतो. पेज घ्यायचीच तर वाटी लहान, सोबत मासा किंवा उसळ, आणि तपासणीचे आकडे बघून डॉक्टर सांगतील तसं. नाचणीची आंबीलसुद्धा याला अपवाद नाही, तिला ‘शुगर फ्री’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालून दमले आहे.

१७. आमची आजी ८२ वर्षांची आहे, दोन घास खाते. तिलाही पातळच द्यायचं का?

अगदी उलट. वर लिहिलेलं सगळं तिच्यासाठी उलटं वाचा. तिची भूक लहान आहे, तेव्हा प्रत्येक घासात जास्त मावायला हवं. पेजेत तुपाचा चमचा आणि थोडं दूध, नाचणीचं सत्त्व दुधात, मऊ भातात कुस्करलेला मासा, अंडं. नुसत्या पेजेवर ठेवलेल्या म्हाताऱ्या माणसाचे स्नायू झपाट्याने जातात. ‘पचायला हलकं’ देण्याच्या नादात आपणच त्यांना उपाशी ठेवतो. क्षयाच्या किंवा मोठ्या आजारातून उठलेल्या माणसालाही हेच लागू. विनाकारण वजन उतरत असेल तर मात्र आधी डॉक्टर, मग तूप.

१८. नवरा ट्रॉलरवर खलाशी आहे. त्याच्या डब्याचं काय करू?

त्याला घनता हवीच, प्रश्न ७मधला ३४७०चा आकडा त्याच्यासारख्यांचाच आहे. बोटीवर भात आणि कालवण शिजतंच, मधल्या वेळेला खडखडे लाडू, शेंगदाण्याची चिकी, केळी द्या. अडचण येते ती तो पावसाळ्यात दोन महिने घरी असतो तेव्हा. जाळी विणायची, बोट शाकारायची, बाकी बसूनच. खाणं मात्र समुद्रावरचं चालू राहतं. एका ताईंनी सांगितलं, त्या जूनच्या एक तारखेलाच लाडवांचा डबा माळ्यावर ठेवतात आणि शिडी शेजाऱ्यांकडे देतात.